राणीसरकारचं शेण

माझ्या आत्याला मूलबाळ नव्हतं, गाय होती. तिचं नाव राणीसरकार. बाकीच्यांची गुरं माळावरचं वाळकं गवत चघळायची. राणीसरकारला मात्र तळ्याकाठच्या दलदलीतलं कोवळं गवत लागायचं आणि पाणीही तिथलंच साचलेलं. वासरू गोठ्यात तिच्याच पायाशी, तिच्याच शेणात लोळायचं. "लेकराला आईपासून कशाला तोडायचं?" असं आत्या म्हणायची. त्या वासराचं पोट मडक्यासारखं आणि बाकी नुसती हाडं. तर म्हणे, खात्यापित्या घरचं आहे! आत्यापुढे आम्ही कधी तोंड उघडलं नाही, कारण उघडून उपयोग नसायचा.

मग गावात गुरांची डॉक्टरीण आली. कुणाच्या गुरांना जंत होतात आणि का होतात, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी प्रत्येक गोठ्यातलं थोडं शेण हवं होतं. यात लाजण्यासारखं काय होतं, देव जाणे. पण गावाने ते भलतंच मनावर घेतलं. तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेला आपली मरतुकडी गाय कोण बसवणार?

सकाळीच शेजारीण डबी घेऊन हजर. "ताई, राणीसरकारचं जरा द्या ना. आमचीचं दाखवायला बरं वाटत नाही हो."

आत्या विरघळली. पाठोपाठ सुतार आला, शिंपी आला, दूधवाला तर रांग मोडून पुढे घुसला. "अहो, एवढंसंच काय नेताय? अजून घ्या की!" आत्या अगदी आग्रह करकरून वाढत होती. शेवटी शेण संपलं, तेव्हा मंडळी राणीसरकारला चारा घालून तिच्या मागे ताटकळत बसली. इतकी शहाणी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

काही दिवसांनी डॉक्टरीण परत आली ती डोकं धरूनच. आत्याच्या ओसरीवर तिने सगळ्यांना जमवलं. "प्रत्येक गोठ्यात तेच जंत, आणि तेही भरमसाट! दलदलीतलं गवत, साचलेलं पाणी, शेणात लोळणारी वासरं, अशाने जंत होतात. पण सुताराची गाय तर कोरड्या माळावर चरते, तिला कुठून झाले? माझ्याच तपासणीत घोळ असणार. सगळं पुन्हा तपासेपर्यंत मी कुणालाच औषध देणार नाही."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी सकाळपासून वासरू उठलंच नव्हतं. आत्याने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने छताकडे. आत्याने दूधवाल्याकडे पाहिलं, त्याला अचानक खोकला आला. मला त्या सगळ्यांचा असा संताप आला की काय सांगू!

आत्या उठली. "ते शेण माझ्या गायीचं आहे."

"कुठलं?" डॉक्टरणीने विचारलं.

"सगळंच. जंत तिलाच झालेत. मीच तिला दलदलीत नेते. पुन्हा हवं असेल तर टोपलीभर देते, पण बाई, आधी माझ्या वासराला औषध द्या."

डॉक्टरीण पिशवी उचलून तडक गोठ्याकडे निघाली. मागोमाग सगळा गाव. आत्या शेणातच बसली, वासराचं डोकं तिने मांडीवर घेतलं आणि जबडा उघडून धरला. डॉक्टरणीने औषध ओतलं, ते निम्मं बाहेर आलं. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"गिळ रे बाबा," ती म्हणाली. "तुझ्या आईची अब्रू घालवून मिळवलंय."