सिंधूकाठची मोरी

शिरीष चांदोरकरांनी आयुष्यात दोनच उद्योग मनापासून केले. परदेशात, आंग मो किओ नावाच्या वस्तीतल्या फ्लॅटांचं सांडपाणी सांभाळलं, आणि त्याबद्दल ऐकून घेणारा माणूस शोधला. पहिला उद्योग चोवीस वर्षं फळला. दुसऱ्याचं नाव काढू नये. वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या छतातून का ठिबकतं, हे ते जेवताना सांगायला लागले की पाहुण्यांना एकदम घरची आठवण यायची.

मग एका प्रदर्शनात त्यांनी मोहेंजोदडोचा नकाशा पाहिला. साडेचार हजार वर्षांपूर्वीची पक्क्या विटांची झाकलेली गटारं, आणि उतार कसा नेमका! सख्खा भाऊ भेटावा तसं झालं त्यांना. संग्रहालयात स्वयंसेवक मार्गदर्शक व्हायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं. निदान तिथे तरी लोक उभं राहून ऐकतील.

वर्षभर शनिवारी शिकवणी, शेवटी एकच तोंडी परीक्षा. वीस मिनिटं. एक जरी चुकीचं विधान केलं तरी नापास, आणि पुढची तुकडी दोन वर्षांनी.

घरी तालीम झाली. फ्रिज म्हणजे मुद्रांचं कपाट, वॉशिंग मशीन म्हणजे महास्नानगृह.

"अहो, गटारांना किती वेळ?" बायकोने, नंदाने, विचारलं.

"अकरा मिनिटं."

"आणि बाकीची संस्कृती?"

"उरलेल्यात."

"तीन मिनिटांत उरका. लोक बघायला येणार आहेत, तक्रार नोंदवायला नाही."

परीक्षा घ्यायला मिसेस टॅन होत्या. हातात पेन, चेहऱ्यावर काही नाही. शिरीषरावांची गाडी रुळावर होती. घनाकार दगडी वजनं झाली, बैलाची मुद्रा झाली, गावोगाव एकाच प्रमाणात पाडलेल्या विटा झाल्या, रस्त्याची गटारं तर जरा जास्तच झाली. सोळाव्या मिनिटाला ते घराच्या प्रतिकृतीपाशी आले. कोपऱ्यात विटांची उतरती फरशी, कडेला भोक, भोकातून पाणी थेट रस्त्याच्या गटारात. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य ओठावर आलं, आणि त्यातला पाठ केलेला इंग्रजी शब्दच पळाला. मिसेस टॅन वाट पाहत होत्या.

"आणि याला ते लोक मोरी म्हणत," शिरीषराव म्हणाले.

पेन हललं. "स्पेलिंग?"

"एम, ओ, आर, आय." तक्रार अर्ज भरून देण्याची सवय!

मग आपलंच वाक्य त्यांच्या कानावर पडलं. ते लोक म्हणत? त्यांची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, हे यांनीच पाच मिनिटांपूर्वी ठणकावून सांगितलं होतं. मोरी सिंधूकाठची नव्हे, साताऱ्याच्या घरातली. "आधी मोरीत जाऊन पाय धू," असं आई ओरडायची, ती.

आता काय? गप्प बसलं तर या बाईंना कळायचं कारण नाही. तीन मिनिटं उरली होती. पण चोवीस वर्षांत शिरीषराव एक गोष्ट शिकले होते. गळती प्लॅस्टरखाली दडवली की ती खालच्याच्या डोक्यावर पडते.

"मॅडम, तो शब्द खोडा. मी चुकलो."

मिसेस टॅननी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही मला चुकीची माहिती दिलीत."

"हो. फरशी तशीच, भोक तसंच, म्हणून तोंडातून गेलं. माझी आई मोरी म्हणायची. त्यांच्या आया काय म्हणायच्या, हे कोणालाच ठाऊक नाही."

बाई वाकून त्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या. "आमच्या आजीच्या घरीही असा कोपरा होता. त्याला नाव होतं काहीतरी..." बराच वेळ त्या आठवत राहिल्या. आठवलं नाही. वेळ मात्र संपली. त्यांनी काहीतरी लिहिलं, कागदाची घडी केली आणि शिरीषरावांच्या हातात दिली.

तो कागद त्यांनी उघडला नाही. खाली एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, दाराशी नंदा उभी होती, तिच्या हातात ठेवला. नंदाने वाचलं, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"चुकीचं विधान एक. पाहुण्याने ते घरी नेण्याआधीच दुरुस्त. उत्तीर्ण." तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "खाली आणखी आहे. गटारं कमी करावीत."

"कमी म्हणजे किती, ते लिहिलंय का?"

"नाही."

"मग दहा मिनिटं," शिरीषराव म्हणाले.