ओव्हरमॉरो आणि आमची स्टाफरूम

शाळेतली मुलं कमी होत गेली, तसे स्टाफरूममधले किस्से वाढत गेले. रिकाम्या तासांना दुसरं काय करणार! पट घसरला म्हणून वटार गावातली आमची मराठी शाळा आज ना उद्या बंद होणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

*

डॉमनिक सर इंग्रजी शिकवायचे. एकदा म्हणाले, "आपल्या 'परवा'ला इंग्रज 'द डे आफ्टर टुमॉरो' असे चार शब्द खर्च करतो. पूर्वी त्याच्याकडे होता की एक. ओव्हरमॉरो!"

'मॉरो' म्हणजे मुळात सकाळ, मग उद्या. 'ओव्हर' म्हणजे पलीकडे. जर्मनांनी आपला तसाच शब्द जपला, इंग्रजांनी सोडला.

"कशाने गेला?" मी विचारलं.

"ना भांडण, ना बंदी. पोरांच्या तोंडी येईना, संपला."

चहा तसाच निवला.

*

सरांनी तो शब्द सातवीला शिकवला. मोठ्या बाई वैतागल्या. "सर, मेलेले शब्द कशाला? परीक्षेत येत नाहीत!"

"परीक्षेतले शिकवून तरी कोण राहिलं, बाई?"

*

जूनमध्ये आम्ही मुलं मिळवायला दारोदार फिरायचो. पार पाचूबंदरच्या कोळीवाड्यापर्यंत गेलो. एक मावशी बोंबील वाळत घालत होती. फी नाही, पुस्तकं फुकट, सर सांगत राहिले.

"पानी प्या सर. पोरगी नाय देनार. इंग्लिश मिडियमला घातलीय."

"अहो, मीही इंग्रजीच शिकवतो!"

"मग तुमी पन तिकडंच जा ना!"

*

नालासोपाऱ्यात एका गृहस्थांनी मराठी शाळांच्या काळजीने डोळे पुसले. मग मुलाला हाक मारली, "बेटा, से बाय टू टीचर!"

जिन्यात सर आणि मी पोट धरून हसलो. खाली आल्यावर सर पायरीवरच बसले. "आता नाही होत, बाई," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

*

शेवटी आदेश आलाच. परवापासून मुलांनी दुसऱ्या शाळेत जायचं. त्याच दिवशी अधिकारी पाहणीला आले आणि सातवीत शिरले. पहिल्या बाकावरच्या सँड्राला विचारलं, "व्हेन विल यू गो टू युवर न्यू स्कूल?"

ती ताडकन उभी राहिली. "ओव्हरमॉरो, सर!"

साहेब हसले. "असा शब्द इंग्रजीत नाही, बाळ."

सँड्राने साहेबांकडे पाहिलं, मग डॉमनिक सरांकडे. तिचा चेहरा एकदम फुलला.

"नाही? मग परवा जायचं नाही ना, सर?"