शिंकर, जोरानं!

"शिंकर!" असं म्हणून मामा डावा हात पोराच्या डोक्यामागे लावायचे आणि उजव्या हातातला रुमाल नाकाला. "जोरानं शिंकर बे. लाजू नोको." पोरगं डोळे मिटून सगळं बळ नाकात आणायचं. जे काय निघेल ते निळ्या चौकड्यांच्या त्या रुमालात घडी होऊन मामांच्या खिशात जायचं. मग पुढचं पोर, पुढचं नाक. रुमाल मात्र तोच.

वाचतानाच तुम्हाला कसंतरी झालं असेल, तर आपलं जमेल. मी नालवाडीत औषधाचं दुकान चालवते. जंतूंवरच माझं पोट आहे, पण म्हणून त्यांच्यावर माझी माया आहे असं नाही. दुसरीतल्या मुलाला आमच्या चर्चच्या शनिवारच्या वर्गात घालायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दारातच हा सोहळा चालू होता. पहिली ते पाचवीतली पोरं रांगेत उभी, आणि रांगेच्या तोंडाशी तो ओला रुमाल. मला अक्षरशः उमासा आला. मुलाचा हात धरून मी मागे वळले, फाटकापर्यंत पोचलेही.

मुलानं हात सोडवला आणि धावत जाऊन तो रांगेत उभा राहिला, कारण त्याच्या वर्गातला मित्र तिथे होता. घरी हाच मुलगा माझ्या हातात रुमाल दिसला की पलंगाखाली शिरायचा. मामांपुढे त्यानं शहाण्यासारखी मान वर केली, डोळे मिटले आणि असा शिंकरला की मामांनी त्याची पाठ थोपटली.

"वा रे पठ्ठे! झाला भरती."

एवढाच तो प्रवेश. मी नाव-पत्ता सांगायला पुढे झाले, तर मामा म्हणाले, "नाव इचारू नं मंग. आंधी आत तं येऊ द्या त्याले."

मामा एस.टी.च्या आर्वी डेपोचे निवृत्त कंडक्टर. पोरं त्यांना मामा म्हणायची म्हणून आम्हीही म्हणू लागलो. वर्ग सुरू करताना ते तोंडानंच "टिंग टिंग" करायचे. दोन घंट्या म्हणजे गाडी निघाली, आता कोणी जागचं उठायचं नाही. एकच "टिंग" म्हणजे थांबा, कोणीतरी मुतायला जाणार आहे. गाण्याला ताल धरायला त्यांच्याकडे तिकिटं कापायचा एक जुना, मोडका पंच होता. तो खटखट वाजवत ते गीत शिकवायचे आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची. नाकं आधी का साफ करायची, हे मी विचारलं तेव्हा ते जरा आश्चर्यानंच माझ्याकडे बघत म्हणाले, "नाक भरून असन तं सूर कोठून निंगन, बाई?"

मी गप्प बसणारी नव्हे. दुसऱ्या शनिवारी दुकानातून कागदी रुमालांचा मोठा डबा नेऊन त्यांच्या हातात दिला. एकाचे जंतू दुसऱ्याला कसे जातात, हेही सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. "पोरं एकामेकायचे डबे खाते, बाई. जंतू बी मंग आपसातलेच झाले नं," असं म्हणून डबा मात्र ठेवून घेतला. संध्याकाळी मुलगा घरी आला तो हातात एक पुडी घेऊन. माझ्या कागदी रुमालात मामांनी सगळ्यांना भाजलेले फल्लीदाणे बांधून दिले होते.

पवित्र शास्त्रातल्या गोष्टी ते एस.टी.च्या मार्गानं सांगायचे. अब्राहाम घर सोडून निघाला की आधी पुलगाव यायचं. मरिया आणि योसेफ यांना नासरेथहून बेथलेहेमला जायचं तर वाटेत पवनार लागायचं, धाम नदीचा पूल लागायचा, मग सेलू. "बेथलेहेमले उतरले तं रात्र झालती. मरियाचे पाय सुजून गेलते. उतरायले कोनी जागा देऊन नाई राह्यलं." इथे त्यांचा आवाज दरवेळी बसायचा. नाताळच्या प्रश्नमंजूषेत आमच्या कमिटीच्या सेक्रेटरींनी विचारलं की बेथलेहेम कुठे आहे, तर माझ्या मुलानं छाती काढून उत्तर दिलं, "सेलूच्या पुढं." पालक खो खो हसले. सेक्रेटरी हसले नाहीत.

या सेक्रेटरींची तुम्हाला ओळख करून द्यायला हवी. अत्यंत स्वच्छ गृहस्थ. शर्टाला डाग नाही, बोलण्यात अडखळणं नाही, खिशात कायम सॅनिटायझरची बाटली. ती माझ्याच दुकानातून जाते. प्रार्थनेत हात जोडण्याआधी दोन थेंब आणि उपासनेनंतर लोकांशी हात मिळवले की पुन्हा दोन थेंब. माझ्या रोगजंतूंच्या शास्त्राप्रमाणे हा माणूस आदर्श म्हणायला हवा, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

नाताळानंतरच्या एका शनिवारी त्यांनी खिडकीतून मामांच्या रांगेचा व्हिडिओ काढला. रुमाल, शेंबूड, मामांचा हात, सगळं जवळून. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "आपल्या मुलांचं भवितव्य?" त्याखाली ओकारीच्या चेहऱ्यांची रांग लागली. हिरव्या तोंडाचे ते गोल चेहरे. पाठवणारी माणसं कोण, तर दर रविवारी मामांच्या हातून गीतांचं पुस्तक घेणारी. कोणाच्या पोराला मामांनी पोहायला शिकवलेलं, कोणाच्या म्हाताऱ्या वडिलांना हात धरून वेदीपर्यंत नेलेलं. मामांकडे साधा बटणांचा फोन होता. त्यामुळे पुढच्या रविवारी ते नेहमीसारखेच दारात उभे राहिले आणि ही मंडळी नेहमीसारखीच त्यांच्याशी हसली. रुमालाची किळस मला पोटातून यायची. ही त्याहून खालून कुठून तरी आली, आणि अजून गेलेली नाही.

मग बैठक झाली. उपासनेनंतर सगळे थांबले, मामा शेवटच्या बाकावर. वर्ग आता 'ब्राइट बॉईज' होणार, गणवेश येणार, बिल्ले येणार, वचनं इंग्रजीत पाठ करायची आणि मुलांशी शुद्ध बोलणारा प्रशिक्षित माणूस शिकवणार, असं सेक्रेटरींनी सांगितलं. मामांचं नाव न घेता त्यांनी स्वच्छतेवर बरंच भाषण केलं. शेवटी माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही तर मेडिकल लाईनच्या. तुम्हीच सांगा, ते रुमालाचं प्रकरण हायजिनिक आहे का?"

मी उभी राहिले. "नाही," मी म्हटलं. "घाणेरडं आहे. मला किळस येते. पण घरी आईला नाकाला हात लावू न देणारी पोरं त्यांच्यापुढे रांग लावतात. रुमाल बदला. माणूस कशाला बदलता?"

"मॅडमनी कन्फर्म केलंय," सेक्रेटरी म्हणाले. माझं पुढचं बोलणं कोणीच ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. पाळकसाहेब खाली बघत राहिले. ते भले आहेत, पण कमिटीपुढे त्यांचं काही चालत नाही. हात वर झाले आणि वर्ग मामांच्या हातून गेला. मामा उठले, खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. ते काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, काढूनही घेतलेलं नव्हतं. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "येतो, बाई." मला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

त्याच वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी झाला. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. ज्यांचे पाय धुवायचे ती माणसं आधीच ठरलेली होती, आणि त्या आठवड्यात माझ्या दुकानातली पायाची क्रीम चक्क संपली. धुवायचे पाय लोक धुऊन, घासून, क्रीम लावून घेऊन आले. परातीत गुलाबाच्या पाकळ्या होत्या. नवे कोरे पांढरे टॉवेल. सेक्रेटरी गुडघ्यावर बसले आणि त्या चकचकीत पायांवर बोटांच्या टोकांनी पाणी शिंपडू लागले. फोटो निघाले. मला तिथेच ओरडावंसं वाटत होतं. मामा मागच्या बाकावरून वाकून बाजूच्याला विचारत होते, "पानी कोमट केलं नं? बुढ्या मानसायले थंड बाधते."

जूनमध्ये 'ब्राइट बॉईज' सुरू झालं. माझा मुलगा जायला तयार नव्हता, मीही जबरदस्ती केली नाही. मग एका शनिवारी तो आपणहून गणवेश घालून तयार. मला संशय आला. दुकान नवऱ्यावर सोपवून मी त्याच्या मागोमाग गेले.

चर्चच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे सायकल दुरुस्तीचं एक दुकान आहे. त्याच्या शेडखाली बाकड्यावर मामा बसले होते. पुढे गणवेशातली पोरं रांगेत. "शिंकर! जोरानं." डावा हात डोक्यामागे, उजवा नाकाला. पण प्रत्येक पोरानं आपापल्या खिशातून आपापला तुकडा काढून दिला होता. खाकी कापडाचे चौकोनी तुकडे, कडा हातानं शिवलेल्या.

मी जवळ गेले तर मामा ओशाळले. "तुमी बोलल्या होत्या नं बाई, रुमाल बदला म्हनून. मंग बदलला." कापड ओळखीचं वाटत होतं. त्यांनी आपला कंडक्टरचा गणवेश कापला होता. पेटीत इस्तरी करून ठेवलेला, शेवटच्या दिवशी घातलेला. "पोरं घरून धुऊन आनते," ते घाईघाईनं म्हणाले. "इचारा पायजे तं."

भरलेल्या त्या बैठकीत माझं पुढचं बोलणं एका माणसानं ऐकलं होतं. रस्त्यावर उभी राहून मी रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पोरं नाकं साफ करून रस्ता ओलांडायची. फाटकात सेक्रेटरी तपासणीला उभे असायचे, हातात मोजे घालून. सगळी नाकं लख्ख. त्यांनी ओळीत उभ्या पोरांचे फोटो ग्रुपवर टाकले आणि लिहिलं, "शिस्त लावली की बदल दिसतो." खाली टाळ्या. रस्त्याच्या पलीकडे मामा दिसत होते. बघायचं असेल त्याला फोटोच्या कोपऱ्यातही दिसले असते, सायकलींच्या मागे, अर्धे. मी तो फोटो मामांना माझ्या फोनवर दाखवला. ते फोटोतली पोरं एकेक करून बघत राहिले. "मस्त दिसून राह्यले नं?" एवढंच म्हणाले. तो माणूस चिडतच नव्हता, त्याचाही मला राग यायचा.

दिवाळीनंतर आमच्याकडे कापसाच्या गाड्या सुरू होतात. जिनिंगच्या गिरण्यांतला तूस हवेत तरंगतो आणि सगळ्या नालवाडीची नाकं वाहू लागतात. माझ्या धंद्याचे हे चांगले दिवस. त्याच दिवसांत मामांना ताप भरला. औषध माझ्याच दुकानातून गेलं. त्यांची मुलगी आर्वीहून धावत आली, त्यांना दवाखान्यात नेलं, पण छातीत भरलेलं उतरलं नाही. मामा गेले.

ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. ज्या अंगठ्यांनी हिरवे चेहरे पाठवले होते, त्याच अंगठ्यांनी. दफनाच्या वेळी सेक्रेटरी बोलले. मामांनी पाया घातला आणि आम्ही त्यावर इमारत बांधत आहोत, असं काहीतरी. मूठमाती देऊन झाल्यावर त्यांनी खिशातून बाटली काढली आणि दोन थेंब हातावर घेतले. मी तोंड फिरवलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले, त्रासलेले.

"मॅडम, कागदी रुमाल आहेत का? मोठे डबे द्या. काय झालंय कळत नाही, आज एकाही मुलाचं नाक स्वच्छ नव्हतं. सगळ्यांना परत पाठवलं. इतके महिने कशी छान येत होती!"

"त्यांची नाकं कोण साफ करत होतं?" मी विचारलं.

"म्हणजे? आपणच शिस्त लावली ना."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतके महिने फाटकात उभं राहून या माणसानं एकदाही रस्त्यापलीकडे बघितलं नव्हतं.

"कागदी रुमाल संपले," मी म्हटलं.

माझ्या मागच्या फळीवर डब्यांची चळत होती. त्यांनी डब्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"संपले," मी पुन्हा म्हटलं.

ते गेल्यावर मी आत आले. मुलगा गणवेशातच औषधांच्या खोक्यावर बसला होता. नाकातून दोन धारा, डोळ्यांतून दोन. खाकी तुकडा त्याच्या मुठीत होता. मी तो सोडवून घेतला आणि त्याच्या नाकाला लावला.

"शिंकर," मी म्हटलं. "जोरानं."

तो शिंकरला नाही. माझा मोकळा हात त्यानं धरला आणि आपल्या डोक्यामागे नेऊन ठेवला.

"असा मागून हात लावा लागते, आई," तो म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले.