बांधली गाठ, जातंय कुठं

“बांधली गाठ. आता जातंय कुठं?”

असं म्हणून मावशी पदराचं टोक दोन बोटांत धरायची, हरवलेल्या वस्तूचं नाव पुटपुटायची आणि करकचून गाठ मारायची. वस्तू सापडली की गाठ सोडायची, तोवर हात लावायचा नाही. तुमच्याही घरात कोणी हे करत असेल. पण आमच्या कारखान्यात कोणाचंही काही हरवलं, की माणूस आधी मावशीकडे यायचा आणि मग शोधायला लागायचा.

आम्ही दोघी भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात कांडी भरायला होतो. कांडी म्हणजे लूममध्ये इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची लहान नळी. लूमचा खडखडाट असा, की शेजारच्या बाईशी बोलायचं तरी ओरडावं लागे. ती सवय अंगात मुरली. मी घरी नुसतं मीठ मागितलं तरी माझा नवरा विचारायचा, “भांडतेस कशाला?” मावशीचा आवाज तर माझ्याहून वरचा. तिने कानात काही सांगितलं की पलीकडच्या खात्यातली माणसं हसायची.

एकदा मिस्त्रीचा चष्मा हरवला. “खाला, बांध दो,” म्हणाला. खाला म्हणजे मावशीच. मावशीने बांधली. चार दिवसांनी हा चष्मा लावून लूम खोलून बसलेला.

“चष्मा डोल्यावर नि माजी गाठ तशीच? सांगायला तोंड न्हाय तुला?”

“माफ करना खाला, उसी शाम को मिल गया था.”

“गाठ काय फुकट जाते माजी?” म्हणत ती दातांनी गाठ सोडत बसली. शेठच्या स्कूटरची चावी, भय्याची बकरी, माझं एक कानातलं, सगळं त्या पदरात असायचं. कधीकधी इतक्या गाठी व्हायच्या, की घाम पुसायला तिला पदराचं मोकळं टोक मिळत नसे.

त्या सगळ्यांत एक गाठ मात्र कधी सुटली नाही.

तिचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. बांगलादेशची लढाई झाली आणि काही दिवसांनी तार आली. इंग्रजीत. कारखान्यातल्या मेहताजींनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “मिसिंग लिहिलंय. म्हणजे बेपत्ता.” आम्ही बायका रडायला लागलो. मावशी आमच्यावरच उखडली.

“कशाला रडता गो? बेपत्ता म्हंजे पत्ता न्हाय. पत्ता हरवलाय, पोर न्हाय हरवला.”

आणि तिथल्या तिथे तिने मुलाच्या पत्त्याच्या नावाने गाठ बांधली. तिच्याकडे लुगडी दोनच. आंघोळीनंतर आधी कोरड्या लुगड्याच्या पदराला गाठ मारायची, मग ओल्याची सोडायची. मधे क्षणभरही पदर रिकामा राहू द्यायची नाही. कोणी हसलं तर हसू दे. मी मात्र कधी हसले नाही, मला त्या गाठीची धास्ती वाटायची.

कारण घरात सून होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो सीमेवर गेला. पोरगी गुणाची, सकाळी पाणी भरून कामाला, संध्याकाळी भाकऱ्या, कोणाला उलटून शब्द नाही. गळ्यात मंगळसूत्र, आणि नवरा आहे की नाही ते सांगायला कोणी तयार नाही. तिचं माहेर जवळच्याच वडपे गावचं. तिचा बाप दर दिवाळीला यायचा, ओट्यावर बसायचा आणि खाली बघून म्हणायचा, “विहीणबाई, पोरीचं काय ते ठरवा.” मावशी पदर मुठीत धरून आत निघून जायची. गेला म्हटलं तर सून मोकळी होणार, पण मग मुलगा गेला. ते तिच्या तोंडून कसं निघावं?

अशात वज्रेश्वरीच्या जत्रेत तिला कोणीतरी सांगितलं, की दिल्लीला लढाईतल्या शिपायांचं मोठं स्मारक आहे आणि मेलेल्यांची नावं दगडात कोरलीयत. झालं. तिच्या डोक्यात एकच भुंगा. नाव असलं तर सुटला प्रश्न, नसलं तर पोर जिवंत. लढाई संपून तीनेक वर्षं झाली असतील तेव्हा. आमच्या आळीतून काशी-मथुरेची यात्रा निघणार होती, परतताना एक दिवस दिल्लीदर्शन. मावशीने नाव घातलं आणि माझंही घातलं, मला न विचारता. मी सातवी पास, म्हणजे तिच्या लेखी बॅरिस्टर.

“वाचायला कोण? तूच.”

निघताना स्टँडवर सुनेने मला बाजूला घेतलं. “ताई, नाव दिसलं तर आधी मला सांगा. त्यांना न्हाय.” मी मान हलवली. बस सुरू झाल्यावर ती पुन्हा खिडकीशी आली. “आणि न्हाय दिसलं, तरी सांगा.” तिला यातल्या कशाची जास्त भीती होती, ते मला कळलं नाही. बहुधा तिलाही कळलं नसावं.

काशीत काय पाहिलं ते विचाराल तर मला आठवत नाही. मनात सारखं एकच. नाव निघालं तर मी काय करू? परक्या मुलखात ही बाई कोसळली तर कुठे नेऊ? मावशी तर देवळांत पाहुण्यासारखी उभी राहायची. गंगेत सगळ्यांनी हात जोडून बुड्या मारल्या. हिचा एक हात पाण्याबाहेर वर, मुठीत गाठ. घाटावरचा एक माणूस ‘बुढ़िया डूब रही है’ म्हणून धावत आला. आम्ही हसलो खरं, पण मला ते हसू पचलं नाही.

दिल्लीत सकाळी लाल किल्ला दाखवला. तिथे लढाईच्या वस्तूंचं संग्रहालय होतं. काचेच्या कपाटांत तलवारी, बंदुका, बिल्ले, पट्टे. लोक सहलीला आल्यासारखे बघत होते, म्हणजे सहलीलाच आले होते, त्यांची काय चूक. मावशी मात्र प्रत्येक काचेला नाक लावून आत कोणीतरी ओळखीचं आहे का ते बघत होती. एका कपाटात नुसते बूट होते.

“ह्यो कोणाचा बूट?”

तिचा आवाज लूमच्या सवयीचा. सगळी खोली वळून बघायला लागली. पहारेकरी धावत आला. “माताजी, धीरे.”

“कोणाचा, ते सांग ना मग. माज्या पोराचा पाय मोठा हाय,” ती तेवढ्याच आवाजात म्हणाली. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. चिडले होते मी, खोटं कशाला बोलू. इतक्या लोकांत शोभा. बाहेर आल्यावर बघते तर ती वीत पसरून पोराच्या पायाचं माप घेत होती, आणि माझा राग तिथेच विरला.

संध्याकाळी उतरत्या उन्हात बसने आम्हाला इंडिया गेटपाशी सोडलं. एवढी उंच कमान, आणि खालपासून वरपर्यंत नावं कोरलेली.

“वाच,” मावशी म्हणाली.

“मावशी, इंग्रजीत आहे.”

“मग? तुला एबीशी येते ना?”

येत होती, पण ती एकेक अक्षर लावून. मान वर करून मी वाचायला लागले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, दगडाकडे नाही. लूमच्या आवाजात आम्ही ओठ बघूनच बोलणं ओळखायचो, त्यामुळे मला ओठसुद्धा हलवायची चोरी. एका ओळीत तिच्या मुलाच्या नावातलं पहिलं अक्षर दिसलं आणि माझ्या अंगाला घाम फुटला. दुसरं अक्षर जुळलं. तिसरं नाही. कोणा दुसऱ्याच आईचा मुलगा होता तो. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

शेवटी मी बसबरोबर आलेल्या गाइडला गाठलं. तो हसून म्हणाला, “ये तो अंग्रेज़ों के ज़माने की लड़ाई के नाम हैं. बहुत पुराने.”

“म्हंजे माज्या पोराचं नाव ह्यात न्हाय?”

“नाही मावशी. असूच शकत नाही.”

“बोलले व्हते मी,” ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला, की तीन वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. तिने गाठीवरून हात फिरवला. मीही देवाला हात जोडले. आता निघावं, एवढंच मला वाटत होतं.

तेवढ्यात तिला कमानीखाली ज्योत दिसली. काळ्या दगडाचा ओटा, त्यावर उलटी उभी केलेली बंदूक, बंदुकीवर लोखंडी टोपी. ‘अमर जवान’ हे मराठी अक्षरांसारखं लिहिलेलं, ते मी मोठ्याने वाचलं. टोपीखाली नाव मात्र कोणाचंच नव्हतं.

“और ये टोपी किसका हाय?” मावशीने गाइडला विचारलं.

“पिछली लड़ाई के जवानों की है, माताजी. उन सबकी, जिनका कुछ पता नहीं चला.”

तिचा चेहरा तसाच राहिला, फक्त डोळे माझ्याकडे वळले. “काय बोलला ह्यो?”

तिला ऐकू आलं होतं. हिंदी तिला माझ्याइतकीच कळत होती. तरी तिने विचारलं, म्हणून मी सांगितलं. “ज्यांचा पत्ता लागला नाही, त्यांची टोपी आहे म्हणतो.”

बेपत्ता म्हणजे पत्ता नाही. तीन वर्षं ती याच एका शब्दावर उभी होती, आणि इथे तोच शब्द दगडावर टोपी ठेवून बसला होता. मला वाटलं, आता ही मोठ्याने हंबरडा फोडणार. माझं सगळं लक्ष तिच्या बोटांकडे. बोटं गाठीवर गेली. गाठ चाचपली, फिरवली, नखाने जरा ओढलीसुद्धा. सोडली नाही.

मग ती इतकं हळू बोलली, की तिचं बोलणं कळायला मला पहिल्यांदाच जवळ वाकावं लागलं.

“रातची थंडी पडत असंल ना गो इथं?”

मी म्हटलं, “जाळ आहे ना बाजूला, मावशी.” आणि मलाच रडू फुटलं. तिने माझे डोळे पुसले, पदराच्या दुसऱ्या टोकाने.

आम्ही परतलो. भिवंडीच्या स्टँडवर सून आली होती. तिने माझ्याकडे बघितलं. नाव दिसलं नव्हतं, मी मान हलवून तसं सांगितलं. टोपीचं सांगायला मी पुढे झाले, तेवढ्यात मावशीनेच तिला जवळ ओढलं.

“तुज्या बापाला बोलाव. तुजी गाठ सुटली.”

“आणि तुमची?”

“माजी मी बघीन.”

सून स्टँडवरच रडली, गेल्या तीन वर्षांचं सगळं. पुढच्या उन्हाळ्यात मावशीने तिचं दुसरं लग्न लावून दिलं, वज्रेश्वरीच्या देवळात. गावची माणसं काय नाही ते बोलली. मावशीने त्यांना तिच्या आवाजात उत्तरं दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. सुनेला निरोप देताना रडली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि दिवसभर तिच्या मशीनवर सूत तुटत राहिलं.

त्यानंतर चारेक वर्षं ती आमच्यात होती. लोकांचं हरवायचं, ती बांधायची, सापडायचं, ती सोडायची. ती एक गाठ एका लुगड्यावरून दुसऱ्यावर जात राहिली. मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

आम्ही बायका तिला न्हाऊ घालायला जमलो. आळीतली एक म्हातारी म्हणाली, “पदराची गाठ सोडा गो. गाठीनिशी जाऊ नये माणसाने.” खरं होतं तिचं, तसंच करतात. पण एकीचाही हात पुढे होईना. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी टोक हातात घेतलं आणि तशीच बसून राहिले. सोडली, तर तो सापडला म्हणायचं की गेला म्हणायचं?

तेवढ्यात सून आली. कडेवर नव्या संसारातली पोर, वडप्याच्या माहेराहून मिळेल त्या ट्रकने आलेली. पोर माझ्याकडे दिली, काय चाललंय ते एका नजरेत ओळखलं आणि कोनाड्यातली मावशीची सूत कापायची कात्री घेतली.

“सोडायची न्हाय. सापडला न्हाय अजून त्यो.”

गाठ तशीच ठेवून तिने पदराचं तेवढंच टोक कापलं. ते आपल्या पदरात ठेवलं आणि त्यावर करकचून दुसरी गाठ मारली.

“बांधली गाठ,” ती म्हणाली. पुढचं तिच्याने म्हणवलं नाही.