उकिरड्यातली हुमणी

त्या शेणखतात हुमणी आहे, हे मला माहीत होतं. तरीही मी आबांना गाडी भरून दिली.

कोरेगावच्या पुढं आमची रानं बांधाला बांध लागून. आबा माझ्याहून वीसेक वर्षांनी थोरले. बहात्तरच्या दुष्काळात दोघांचाही एकेक बैल गेला, तेव्हा उरलेल्या दोन बैलांची जोडी करून आम्ही पैरा धरला. आधी त्यांचं रान, मग माझं. बायको गेल्यापासून माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच, औतामागं आबांशी. "गड्या, तुझा बैल खातो दोघांचं आन् वढतो अर्ध्याचं," हे ते रोज म्हणायचे.

एका वर्षी बटाट्याच्या लावणीला त्यांना खत कमी पडलं. माझा उकिरडा उकरताना फावड्यासरशी हुमणीच्या पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या अळ्या वर आल्या. खत उन्हात पसरून कावळ्या-कोंबड्यांना त्या वेचू दिल्या असत्या, तर भागलं असतं. पण त्यात त्यांची लावण चार दिवस लांबली असती, आणि मागोमाग माझी. मी गप्प राहिलो. माझ्या रानात मात्र त्यातली एक पाटीसुद्धा टाकली नाही.

काढणीला आबांनी कुदळ मारली. निघेल तो बटाटा पोखरलेला. एकाचं भोक बोटानं चाचपत ते म्हणाले, "माझ्याच जमिनीत काय तरी खोट हाय रं."

"असंल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते आपला बैल सोडून न्यायला आले. "तुझं रान चांगलं हाय. माझ्या मातीतनं ही कीड औताबरुबर तुझ्याकडं यायला नगं. पैरा मोडू या."

मला वाचवायला त्यांनी पैरा मोडला. पुढची दोन वर्षं मी भाड्याची जोडी लावली आणि बांधावर एकट्यानं भाकरी खाल्ली. पलीकडं आबांनी बटाटा सोडून नुसती मटकी टाकलेली. ते लांबून हात करत. मी बघितलं नाही असं दाखवी.

शेवटी एका सकाळी मी त्यांना उकिरड्यावर बोलावलं आणि फावडं घातलं. अळ्या वळवळत वर आल्या. आबा वाकून बघत राहिले.

"कवापासनं हाय ही?"

"तुमची गाडी भरली, तवा बी हुती. मी बघितली हुती. आबा, तुमच्या जमिनीत खोट न्हवती. माझं चुकलं. लय चुकलं."