शेपू, टाकळा आणि आमची पंगत

आमच्या अंगणवाडीत वजनाचं रजिस्टर आहे, उंचीचं आहे, धान्याचंही आहे. पण पोरं जेवताना जे बोलतात, ते लिहायला कुठेच रकाना नाही. मग ते डोक्यात साठत जातं आणि कुणी चहाला बसलं की बाहेर पडतं. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका!

मी मळवलीत अंगणवाडीताई. सोबत मदतनीस कमलमावशी. खिचडी, उसळ, भाजी ती रांधते आणि पोरांनी ती खावी म्हणून आम्ही दोघी झटतो.

*

चार वर्षांची वेदा. तिचे वडील एका बंगल्याची देखभाल करतात. शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की उरलेली चिप्सची पाकिटं वेदाला मिळतात, त्यामुळे सोमवारी तिच्या पोटात जागाच नसायची.

पाकीट हिसकावून घेणं काही बरं नाही. म्हणून मी सगळ्यांना गोलात बसवलं आणि समजावलं, की चिप्सनं नुसतं पोट भरतं. मोठं व्हायला डाळ लागते, भाजी लागते, अंडं लागतं. ज्याला हे कुणी सांगत नाही, तो बिचारा पाकिटंच खात बसतो.

वेदानं नीट ऐकून घेतलं. मग काळजीनं विचारलं, "ताई, पावन्यांच्या गावात अंगनवाडी न्हाई का?"

*

ताई जे खाते ते पोरं खातात, म्हणून मी पंगतीतच जेवते. पण शेपूचा वास मला लहानपणापासून सोसत नाही. एकदा मावशीनं मूगडाळ घालून शेपूची भाजी केली, तेव्हा मी गुपचूप वरणभातच वाढून घेतला.

समोर ओम बसला होता. वय पाच, नजर पोलिसाची.

"ताई, तुमच्या ताटात भाजी का न्हाई?"

अख्खी पंगत चावायची थांबली. भाजी संपली असेल, असं मी पुटपुटले. कमलमावशी सरळ मनाची बाई. ती आतून पातेलंच घेऊन आली. "संपल कशी? लय हाय की!" म्हणत तिनं दोन डाव भरून वाढली.

मी खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत हसत हसत खाल्ली! त्या दिवशी एकाही ताटात भाजी उरली नाही. तेव्हापासून शेपू असला की मावशी पहिली मला वाढते.

*

याच ओमचे वडील, संतोषभाऊ, एका सकाळी दारात येऊन उभे राहिले. ते भुशी धरणाकडे पर्यटकांची गाडी चालवतात. चेहरा बघून मला वाटलं, काहीतरी तक्रार आहे.

होतीच. ओम घरी ताट पुढ्यात घेऊन बसायचा आणि वडिलांनी आधी भाजी खाल्ल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. तीन दिवस हेच चाललं होतं. त्यात आदल्या रात्री नेमका दुधी होता. आणि संतोषभाऊंनी तर कळायला लागल्यापासून दुधी तोंडात घातला नव्हता!

मी भीत भीत विचारलं, मग कसा लागला?

त्यांनी मागे वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चांगला लागतो हो. पन आमच्या घरी सांगू नका, रोज करतील."

*

आणि आता सानू.

साडेतीन वर्षांची. डोंगरावरच्या वाडीतून तिचे आबा, म्हणजे आजोबा, तिला रोज खांद्यावर बसवून खाली आणायचे. पंगतीत बसायची, पण तोंड घट्ट मिटलेलं. वजन तक्त्यातल्या लाल रेघेखाली. एक महिना गेला, दुसरा गेला, काटा हलेना. मावशीनं काऊचा घास करून पाहिला, चिऊचा करून पाहिला. पोरं एकसुरात "सानू, खा" म्हणायची. तेवढे तिचे ओठ आणखी घट्ट! खाणं सोडाच, तिनं कधी एक शब्दही उच्चारला नव्हता.

शेवटी मी नियम केला. सानूच्या ताटात थोडंसं वाढायचं. तिला काही म्हणायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. मावशीला हे इतकं जड गेलं, की ती भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली.

आबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "टाकळ्याची भाजी तेवडी खाती." दुसऱ्या दिवशी त्यांनी डोंगरउतारावर आपोआप उगवणारा कोवळा टाकळा पंच्यात बांधून आणला. मावशीनं लसूण घालून परतला. आम्ही सगळे मान खाली घालून जेवत राहिलो.

सानूचा हात ताटाकडे गेला. ताट रिकामं झालं!

हळूहळू डाळ आली, मग अंडं. पुढच्या वेळी वजन लाल रेघेच्या वर गेलं, तेव्हा मी आणि मावशीनं तिथेच फुगडी घातली. पायरीवर बसलेले आबा टोपीनं डोळे पुसत होते.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या सुपरवायझर मॅडम आल्या. आग्रह करून त्यांना पंगतीत बसवलं. त्या दिवशी आबांनी रानातून आणलेली कुर्डूची पालेभाजी होती. मॅडमनी ती कधी पाहिलीही नसावी. बोटानं ताटाच्या कडेला सारत राहिल्या. मी टक लावून बघतेय, मावशी बघतेय, सोळा पोरं बघताहेत. मावशीला राहवेना, ती म्हणाली, "बाई, घ्या की थोडी."

तेवढ्यात सानूनं मावशीचा पदर ओढला आणि अंगणवाडीतला आपला पहिला शब्द काढला.

"मावशी, बाईंकडं बगू नगं. बगितलं का त्या खायच्या न्हाईत."