दुसरा कप

परवा भाचीच्या शाळेतल्या नाटकासाठी तिच्या तोंडाला पावडर फासताना त्या वासाने मी थेट जयपूरला पोचलो. रेल्वेने माझी तिकडे बदली केली होती. मुलांच्या शाळेमुळे बायको नागपूरलाच राहिली आणि खातीपुऱ्याच्या क्वार्टरमध्ये मी एकटा. एका रविवारी फुकट पास मिळाला म्हणून एका म्हाताऱ्या फ्रेंच नटीचा प्रयोग बघायला गेलो. जन्मभर लोकांना हसवत आलेल्या त्या बाई आता स्वतःचंच आयुष्य करून दाखवत होत्या, बाजूला दुभाषी मुलगी हिंदीत सांगत होती, आणि आम्ही जेमतेम पंधरा प्रेक्षक आदराने गप्प बसलो होतो. नवरा गेल्यानंतरची सकाळ आली. बाईंनी सवयीने दोन कप कॉफी ओतली, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून ओशाळल्या, मग हळूच त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि दुसरा कपही पिऊन टाकला. मी खो खो हसलो, कारण त्याच सकाळी मीही चहाचे दोन कप भरले होते. पुढच्या रांगेतल्या एक बाई वळून म्हणाल्या, "भाईसाहब, उनके पति गुज़र गए हैं." मी खुर्चीत लपायला बघितलं, पण हसू काही आवरेना. प्रयोगानंतर दुभाषी मुलगी मला शोधत आली. "मॅडम कहती हैं, वहाँ हँसना ही था. पर सब अफ़सोस करने लगते हैं." बाईंनी पावडरीने माखलेल्या हातांत माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. घरात ही गोष्ट मी अजून रंगवून सांगतो. बायको दरवेळी विचारते, "मराठी विनोदी नाटकात घोरणारे तुम्ही, तिथे एवढं काय हसू आलं?" मी म्हणतो, "बाई काम फार छान करत होत्या गं," आणि विषय बदलतो.